उत्तमदाजींचा अकरावा बार

सुषमाचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. अर्धा गाल साबणाचा. "मामा, बाबा गेले," एवढंच ती म्हणाली आणि तिच्या हातातून फोन कुणीतरी घेतला. सुषमा माझी भाची, आणि गेले ते उत्तमदाजी, सेनगावजवळच्या पुसेगावचे, माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, मालक. अशी बातमी आली की माणसानं रडावं, निदान मटकन खाली तरी बसावं. मी काय केलं सांगू? भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं. एप्रिलचा पहिला आठवडा. म्हणजे मे तोंडावर आला. आता शिरड शहापूरच्या त्या विहिरीवर कोण जाणार... हा माझा पहिला विचार. नंतर रडलो, चांगला हुंदके देऊन रडलो, पण पहिला विचार तोच होता आणि तो लपवून हा लेख लिहिण्यात काही अर्थ नाही. दाजींबद्दल गोडगोड बोलणारे पुष्कळ भेटतील. मी आज भीतीबद्दल लिहायला बसलोय, कारण दाजींच्या आणि माझ्या नात्यात सगळ्यात मोठी जागा तिचीच होती.

दाजी बार उडवायचे. आमच्या भागात जमीन थोडी खणली की काळा पाषाण लागतो, मग टिकाव-फावड्याचं काही चालत नाही. पाषाणात होल मारायचे, त्यात जिलेटिनच्या कांड्या भरायच्या, कांडीला टोपी, म्हणजे कांडी उडवणारा डिटोनेटर, टोपीला वात, वरून मातीचे गोळे ठासायचे आणि वात पेटवून जीव घेऊन वर यायचं. ह्याला बार म्हणतात. परवाना ठेकेदाराचा, पण विहिरीच्या तळाला एकटं थांबून वाती पेटवायच्या दाजींनी. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी हे केलं. विहिरी, दगडाच्या खाणी, एकदा एक मोडकळीला आलेली पाण्याची टाकीसुद्धा पाडली. आणि गेले कसे, तर छातीत पाणी होऊन, गादीवर, अक्काच्या हातचं पाणी पिऊन. मातीला आलेले लोक म्हणत होते, "जन्मभर सुरुंगासंगं खेळला गडी, आन् मरण बघा कसं आलं, नशीबवान." खेळला म्हणे! माझ्या जिभेवर शिवी आली होती. भन्तेजी समोर बसले होते म्हणून गिळली.

कारण दाजींएवढा भित्रा माणूस मी पाहिला नाही. हे मी त्यांची बदनामी म्हणून सांगत नाही. ज्या दिवशी बार असायचा त्या दिवशी त्यांच्या पोटात अन्न जायचं नाही. नुसता काळा चहा. तोंड इतकं कोरडं पडायचं की बोलताना ओठ दातांना चिकटायचे. अक्काला लग्नात आलेला कुकर तिनं आयुष्यात वापरला नाही, कारण एकदा शिट्टी झाली आणि दाजींच्या हातातलं ताट भिंतीवर गेलं. डाळ बारा महिने पातेल्यात शिजायची आणि अक्का बारा महिने बडबडायची. दिवाळीत गल्लीतली लेकरं फटाके उडवायला लागली की हा सहा फुटी माणूस कानात बोळे घालून आतल्या खोलीत जाऊन बसायचा. बायाबापड्या तोंडाला पदर लावून हसायच्या. एका दिवाळीला मात्र हसू थांबलं. कुणीतरी लावलेला फटाका उडाला नाही, आणि आठ वर्षांची सुषमा तो बघायला वाकली. दाजी आतून कसे आले ते मला कळलंच नाही. त्यांनी लेकीला उचलून मागं फेकलं आणि असं मारलं, असं मारलं, की शेवटी मी आणि शेजाऱ्यानं त्यांचे हात धरले. लेकीवर त्यांनी हात उचलला तो तेवढाच. मारून झाल्यावर स्वतःच उंबऱ्यावर बसून रडले आणि पुनःपुन्हा एकच म्हणत राहिले, "उडाला न्हाई म्हणून जवळ जातेस? उडाला न्हाई म्हणून?"

मी त्यांच्या हाताखाली लागलो तो यारीवर. यारी म्हणजे विहिरीच्या काठावर बसवलेलं इंजिन, तारेला मोठी बादली, तिच्यातून दगड वर काढायचे आणि माणसंही. बारावी नापास झालो होतो, घरी बसून वडिलांच्या शिव्या खाण्यापेक्षा हे बरं वाटलं. पहिल्याच महिन्यात एक दिवस दाजींनी खाली वाती पेटवल्या, बादलीत पाय ठेवला, "वर घे" म्हणून ओरडले, आणि निम्म्या वाटेत इंजिन बंद पडलं. काय करायचं ते मला शिकवलेलं होतं. हँडल मारायचं, नाही लागलं तर हातानं चाक फिरवायचं. मला काहीएक सुचलं नाही. मी नुसता इंजिनाकडं बघत उभा राहिलो, खुंटा ठोकावा तसा. खालून वातींचा चुरचुर आवाज येत होता... तो आवाज मला आजही कढईत मोहरी तडतडली की ऐकू येतो. दाजी स्वतःच्या हातानं बाभळीला बांधून ठेवलेल्या दुसऱ्या दोरावरून चढून आले. ते काठावर पोटावर पडले आणि खालून धडाधड बार गेले. माझ्यावर ओरडतील वाटलं होतं. त्यांनी बाजूला जाऊन ओकारी काढली, तोंड धुतलं, आणि माझ्याजवळ येऊन बसले. "गौतम, मला रोज भेव वाटतं," ते म्हणाले. "म्हणून तर दुसरा दोर बांधतो. ज्याला भेव वाटत न्हाई त्याच्या हाताखाली कधी काम करू नको."

त्या भीतीतूनच त्यांनी बार मोजायची एक रीत घालून घेतली होती. अकरा होल भरले तर अकरा आवाज ऐकू यायला पाहिजेत. दहाच आले तर एक बार पाषाणात तसाच जिवंत बसलाय, आणि उद्या त्यावर कुणाचा टिकाव किंवा ड्रिल पडलं की संपलं. एकट्याच्या मोजण्यावर दाजींचा भरवसा नव्हता, स्वतःच्याही नाही, कारण डाव्या कानानं त्यांना कमीच ऐकू यायचं. म्हणून दोघांनी मोजायचं, एकमेकांकडं पाठ करून. प्रत्येकाच्या डाव्या मुठीत भरपूर खडे. एक आवाज झाला की एक खडा उजव्या मुठीत. सगळं शांत झालं की दोघांनी समोरासमोर उजव्या मुठी उघडायच्या. आकडा जुळला तरच पुढचं काम. नाही जुळला तर त्या दिवशी विहिरीत कुणी उतरायचं नाही, दुसऱ्या दिवशी दाजी एकटे उतरून हातानं दगड बाजूला करत न उडालेला बार शोधणार. इतर ब्लास्टिंगवाले हसायचे ह्या प्रकाराला, "उत्तमराव, बार उडवून राहिले की गजगे खेळून राहिले?" दाजी हसण्यावारी न्यायचे. खडे मात्र सोडले नाहीत.

आता शिरडचं सांगतो. बावीस वर्षं झाली. शिरड शहापूरच्या शिवारात गफारचाचा नावाचे एक शेतकरी होते, हळदवाले, गोड माणूस. त्यांची विहीर आम्ही पन्नास फुटांच्या आसपास नेली होती आणि पाण्याचा टिपूस नव्हता. चाचा रोज काठावर येऊन बसायचे आणि कोरडा तळ बघून उठून जायचे. त्या दिवशी अकरा होल भरले. दाजी वर आले, आम्ही पाठी केल्या, मोजणी सुरू झाली. एक, दोन, तीन, चार... पाचव्या की सहाव्या आवाजाला डोक्याएवढा दगड विहिरीतून उडून माझ्यापासून दोन हातांवर पडला. मी ट्रॉलीखाली शिरलो. डोकं गुडघ्यात घातलं, कान दाबले आणि सगळं संपेपर्यंत तसाच राहिलो. मुठीतले खडे कधी सांडले, कुठं सांडले, काही कळलं नाही. बाहेर आलो तर दाजी मुठी आवळून माझ्याकडं चालत येत होते. लाज वाटली हो. आधीच यारीच्या वेळची लाज होती, तिच्यावर ही. मी पटकन खाली वाकलो, हाताला लागले ते अकरा खडे उचलले आणि मूठ पुढं करून उघडली. दाजींच्या मुठीत दहा होते. त्यांनी माझ्या हातातल्या खड्यांकडं बघितलं, जरा जास्तच वेळ बघितलं, आणि तेवढ्यात काठावर बोंब झाली, "पानी! पानी लागलं!"

पाण्याचा असा झरा मी तोवर पाहिला नव्हता. बघता बघता दगड बुडाले. गफारचाचा धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होते, दाजींना मिठ्या मारत होते. कुणीतरी गुळाची ढेप फोडली. सगळ्या माणसांनी आम्हाला गराडा घातला होता आणि त्या गर्दीत दाजी मोठ्यानं म्हणाले, "दोन बार एकदम गेले असतील." हे त्यांनी कुणाला सांगितलं, मला की स्वतःला, देव जाणे. रीतीप्रमाणं पंप लावून तळातले फुटलेले दगड काढायला पाहिजे होते. दाजींनी चाचांना सांगितलं, "दगड राहू द्या तसेच. काढले तर झरा बुजंल." चाचांनी ते देवाचा शब्द असल्यासारखं मानलं. आम्ही ट्रॅक्टरवरून परत निघालो. मला वाटत होतं, मी सुटलो.

त्यानंतर वर्षभरातच मी यारी सोडली आणि एसटीत कंडक्टर म्हणून लागलो. चोवीस तास गाडीतली माणसं मोजायचं काम. गंमत बघा, एवढ्या वर्षांत मोजण्यात कधी चुकलो नाही. पण शिरडचा फाटा आला की मी दुसऱ्या खिडकीकडं तोंड फिरवायचो. चार वर्षं मी ते पोटात ठेवलं आणि मग एका दुपारी पुसेगावला अक्काच्या अंगणात बसलो असताना दाजींना सांगून टाकलं. मी मोजलेच नव्हते, खडे खालचे उचलले होते. दाजी सुपारी कातरत होते. कातरतच राहिले. म्हणाले, "ठावं हाय मला. मी तुला गारेचे पांढरे खडे दिलते. तुझ्या मुठीत काळे व्हते." मी विचारलं, मग तेव्हाच का नाही बोललात? त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "पाणी लागलं व्हतं ना रे. चाचा रडून राहिले व्हते. म्हटलं आता काय बोलू... दुसऱ्या दिवशी बोलू म्हटलं. दुसऱ्या दिवशी दोन पुरुष खोल पाणी." त्यांनी परत अडकित्ता उचलला. मला एक शिवी दिली असती तर मी त्यांचे पाय धरले असते. पण चूक आता दोघांची झाली होती आणि दोघांनाही ते कळत होतं.

तेव्हापासून, खरं तर त्याच्याही आधीपासून, दाजी दर मे महिन्यात शिरडला जायचे. उन्हात तापलेल्या एसटीनं जायचे, चाचांच्या विहिरीच्या काठावर बसायचे, पाणी किती हात आहे ते बघायचे, चहा घ्यायचे. आज सांगतोच, असं ठरवून जायचे. आणि सांगायच्या ऐवजी म्हणायचे, "चाचा, विहीर खोल करायची झाली तर मलाच बलवा. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा न्हाई." चाचांना वाटायचं, उत्तमला आपल्या विहिरीचा केवढा लळा! ते गडीमाणसांना कौतुकानं सांगायचे आणि येताना पिशवीत हळद घालायचे. ती हळद अक्काच्या डब्यात जायची. पावसाचं वर्ष असलं, विहीर तुडुंब असली की दाजी हलक्या पावलांनी परत यायचे. दुष्काळाची सालं आली की त्यांचं वजन उतरायचं. लोक आभाळाकडं बघायचे पिकासाठी. हा माणूस बघायचा ते एका बुडालेल्या होलासाठी. मी त्यांना कितीदा म्हटलं, दाजी, सांगून टाकू, काय व्हायचं ते होईल. "सांगू," म्हणायचे. "पण मग ते विचारतील ना, इतकी वर्षं काहून न्हाई सांगितलं?" दर वर्षी तो प्रश्न एक वर्षानं मोठा व्हायचा.

तीन वर्षांखाली गफारचाचा वारले. शेती त्यांचा मुलगा सलीम बघायला लागला. दाजी तरीही जात राहिले, सलीमकडूनही तोच शब्द घेतला. ह्या वर्षी मार्चमध्ये त्यांना नांदेडला दवाखान्यात ठेवलं होतं. मी भेटायला गेलो तर त्यांनी माझं मनगट धरलं. हाताची नुसती काडी झाली होती, पण पकड तीच. "मे येऊन राहिला गौतम. जाशील ना?" मी म्हटलं, जातो. "बोलशील?" मी म्हटलं, बोलतो. त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटले. आमची शेवटची भेट ती.

आणि मी काय केलं? ऐका. पुसेगावला पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, त्याला सलीम आला होता. माझ्याच शेजारी पंगतीला बसला. वरणभात कालवता कालवता म्हणाला, "मामा, विहीर यंदा तळाला गेली. उत्तममामा असते तर त्यानलाच बोलावलं असतं. आता वसमतकडची पार्टी आणली. दगड काढून राहिले, सोमवारी होल मारणार." माझ्या हातातला घास हातातच राहिला. समोर अक्का वाढत होती, पलीकडं सुषमा, भिंतीवर दाजींचा हार घातलेला फोटो. आत्ता ह्या पंगतीत, सगळ्यांसमोर, ह्या मेलेल्या माणसाचं आणि माझं पाप कसं काढू? उद्या फोन करतो, असं मनात म्हटलं आणि घास तोंडात घातला. शनिवार गेला. फोन हातात घेतला आणि ठेवला. रविवार गेला. त्या दोन दिवसांत तिकडं माणसं त्याच तळातून दगड उचलून बादलीत टाकत होती, हे मला माहीत होतं. माहीत असून मी बसून राहिलो. कुणी मला विचारलं की भीती म्हणजे काय, तर मी ते दोन दिवस सांगेन.

सोमवारी पहिल्या गाडीनं निघालो. औंढ्याला गाडी बदलली. शिरडला उतरलो आणि शेताच्या वाटेला लागलो, तर लांबूनच कंप्रेसरचा आवाज. म्हणजे खाली ड्रिल चालू होतं. पन्नाशीच्या माणसानं जसं पळावं तसं पळालो, चप्पल एका ढेकळात राहिली. ओरडत होतो, पण कंप्रेसरपुढं कुणाला ऐकू येणार? काठावर पोचलो आणि कुणाला न विचारता इंजिन बंद केलं. ह्या खेपेला हात चालले. पार्टीचा माणूस आईवरून शिवी देत अंगावर आला. मी म्हटलं, आधी खालची माणसं वर घे, मग मार. सलीम धावत आला, "काय झालं मामा?" मी एका दमात सांगितलं. "खाली एक बार हाये. न उडालेला. बावीस वर्षांचा. माझ्यामुळं ऱ्हायलाय, दाजींना ठावं होतं." दोन पोरं बादलीतून वर आली, धुळीनं पांढरी झालेली, आणि काय झालंय ते कळल्यावर त्यातला एक जण तिथंच मातीत बसला.

त्या पार्टीचा ब्लास्टिंगवाला तरुण होता, तिशीच्या आतला, पण कामाचा. तो एकटा खाली उतरला. पाणी मारून तळ धुतला. बऱ्याच वेळानं वर आला आणि दोन्ही हातांनी अंतर दाखवलं. दीड वीत. चालू ड्रिलच्या होलापासून दीड वीत लांब, पूर्वेच्या अंगाला, ठासलेल्या मातीचं तोंड होतं. "कांडी पाण्यानं मेली असंल मामा," तो म्हणाला, "पण टोपीचा काय भरवसा न्हाई." मग त्यानं त्यांच्या कामाच्या रीतीनं, लांब बाजूला नवं होल मारून, वायर दूरवर नेऊन, दुपारी तो निकामी केला. आम्ही ओढ्याच्या बांधाआड बसलो होतो. सलीम माझ्याकडं बघतच नव्हता. मग म्हणाला, "मामा, परवा तुमी माझ्या शेजारी बसून जेवले." त्यानं मारलं असतं तर बरं वाटलं असतं. निघताना त्यानं विचारलं, "अजून कुठं असं हाये का?" मी छातीवर हात ठेवून सांगितलं, नाही, एवढा एकच. आणि तेव्हा मला तसंच वाटत होतं.

तिथून थेट पुसेगावला गेलो आणि संध्याकाळी अक्काला सगळं सांगितलं. नवऱ्याच्या मागं त्याची असली गोष्ट ऐकून ती मला हाकलून देईल अशी तयारी ठेवली होती. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "शिरडची हळद कशापायी यायची ते आत्ता कळलं. पण गौतम... ते काय एकाच जागी जायचे का?" मला कळेना ती काय म्हणते. तर अक्का सांगायला लागली. होळी झाली की दाजी आणखी एका ठिकाणी जायचे. एक दिवस जाऊन यायचे. येताना पिशवीभर चिंचा. कुठल्या म्हणून विचारलं की म्हणायचे, एका विहिरीवरच्या. ह्याहून जास्त ती कधी विचारायची नाही. "मला वाटायचं, इचारलं तर काहीतरी भलतंच ऐकावं लागंल. बाई-बिई असंल, म्हणून गप ऱ्हायले," असं म्हणून माझी सत्तर वर्षांची बहीण पदरात तोंड घालून रडली. मग डोळे पुसून पुढचं सांगितलं. ह्या वर्षी होळीनंतर दाजींना उठवत नव्हतं, तापात ते सारखं म्हणायचे, चिंचेवर जायचंय, चिंचेवर जायचंय. तिला वाटलं, तोंडाला चव नाही म्हणून मागतात. तिनं चिंचेचं सार केलं. दाजींनी वाटी बघितली आणि भिंतीकडं तोंड फिरवलं.

ह्या चिंचा यायला लागल्या तेव्हा मी एसटीत होतो. तिथंही एखादा बार राहिला असेल, तर त्या कामावर दाजींबरोबर खडे कुणी मोजले, मला माहीत नाही. जुना ठेकेदार गेला, त्याच्या यारीवरची माणसं कुणी पुण्याला, कुणी मातीत. अक्काला फक्त एवढं माहीत की दाजी सकाळी सेनगावच्या दिशेची गाडी धरायचे आणि दिवस मावळायच्या आत परत यायचे. चार रविवार मी त्या बाजूच्या शिवारांतून फिरलोय. चिंच कुठल्या विहिरीवर नसते? कदाचित तिथं काहीच नसेल. कुणी जुना मित्र असेल, नुसता चिंचा द्यायला बोलवत असेल. असंच असू दे. पण शिरडला तरी आम्हाला काय वाटलं होतं...

संपादकांना मी सांगितलं की माझ्या दाजींवर स्मृतिलेख लिहायचाय, आणि त्यांनी जागा दिली. लेख लिहिलाय, पण मागणं वेगळं आहे. सेनगावच्या आसपास, नाहीतर पुसेगावहून दिवसात जाऊन येता येईल अशा कुठल्याही गावात, तुमच्या विहिरीजवळ चिंच असेल, आणि दर साल होळीनंतर एक उंच, बारीक माणूस येत असेल, उजवा कान पुढं करून तुमचं ऐकत असेल, पाणी किती हात आहे विचारत असेल, आणि यंदा आला नसेल, तर तो आता येणार नाही. विहीर खोल करायला काढली असेल तर काम थांबवा. कुणी खाली उतरलं असेल तर हा कागद बाजूला ठेवा आणि आधी माणसं वर घ्या.